घोकून आणलेला नॉर्मल रिपोर्ट

मी चालू शकते. हे आधीच सांगून टाकते, कारण मल्टिपल स्क्लेरोसिस म्हटलं की लोकांची नजर पहिल्यांदा माझ्या पायांकडे जाते. पाय ठीक आहेत. लिफ्ट बंद असली की बंगळूरला सर्जापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगचे चार मजले चढते मी. डोळा गेला होता, तोही परत आला. माझं जे बिघडलंय ते दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून गेल्या दीड वर्षात मी आजाराशी जेवढी भांडले नसेन तेवढी ‘अहो, खरंच बिघडलंय’ हे पटवण्यासाठी भांडलेय.

ज्यांना नुकतंच कळलंय आणि जे आत्ता बाथरूममध्ये दार लावून फोनवर एमएस, एमएस वाचत बसलेत, त्यांच्यासाठी लिहितेय. मीही तेच केलं होतं. औषधांचं मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांना विचारा. मी एका टेस्टबद्दल सांगणार आहे. ती मी पास झाले आणि त्यातच माझी वाट लागली.

लाल दिवा

माझं काम नेटवर्क ऑपरेशन्सचं होतं. म्हणजे एका मोठ्या क्लायंटची गोदामं, ऑफिसं, सगळ्यांना जोडणारं जे जाळं असतं ते दिवसभर स्क्रीनवर बघत बसायचं. हिरवं म्हणजे ठीक, केशरी म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे पळा. तर एका मंगळवारी मला लाल दिसेचना. म्हणजे दिसत होतं, पण धुतलेल्या कपड्यासारखं, विटकरी-गुलाबी काहीतरी. मी मॉनिटर बदलून मागितला! दुसरा आला, तोही तसाच. मग शेजारच्या टीममेटनं गंमत म्हणून सांगितलं, एक डोळा झाकून बघ. उजवा झाकला, लाल गायब. डावा झाकला, लाल परत.

जयनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघितलं, परत बघितलं, आणि माझ्याशी बोलायचं सोडून चिठ्ठी लिहायला लागले. डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले की घाबरायचं, एवढं शिकलेय मी. मग एमआरआय. मशिनमध्ये घालताना तिथल्या टेक्निशियननं न विचारता माझ्या पायांवर दुसरं ब्लँकेट टाकलं. त्या पूर्ण आठवड्यात माझ्याशी कोणी केलेली ती एकमेव चांगली गोष्ट, म्हणून लिहून ठेवतेय.

न्यूरॉलॉजिस्टनी सहा मिनिटांत सांगितलं. मी घड्याळाकडे बघत होते म्हणून माहितीये. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या वायरींचं वेष्टण कुरतडते, आता चांगली औषधं आहेत, लग्न-बिग्न सगळं होतं, पुढची तारीख घ्या. बाहेर आले आणि कँटीनमध्ये दोन इडल्या खाल्ल्या. चटणी संपली म्हणून आणखी चटणीही मागितली. सव्वीस वर्षांची होते आणि मला वाटलं, आपण किती शूर आहोत. शूर-बिर काही नाही, अजून कळलंच नव्हतं.

मला पण होतं गं असं

औषध सुरू झालं. दर काही महिन्यांनी हॉस्पिटलच्या डेकेअरमध्ये दिवसभर सलाईनसारखं लावून बसायचं. ते सोपं होतं. तिथल्या सिस्टर ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवलीस का एवढंच विचारायच्या, ‘कशी आहेस’ कधीच नाही. किती बरं वाटायचं सांगू.

अवघड झालं ते नंतर. डोळा बरा झाल्यावर चार-पाच महिन्यांनी माझ्या लक्षात यायला लागलं की मी मागे पडतेय. विसरत नव्हते, हे नीट समजून घ्या. मला आठवतं सगळं. फक्त उशिरा. चार जण बोलत असतील तर पहिल्याचं वाक्य माझ्या डोक्यात बसेपर्यंत तिसरा बोलून झालेला असतो. जोक झाला की सगळे हसतात, मी पण हसते, आणि जोक मला नंतर कॉफी घेताना कळतो. दुपारी तीननंतर तर डोक्यात ओलं पोतं भरल्यासारखं.

हे कोणाला सांगितलं की काय उत्तर येतं? “अगं मला पण होतं असं! काल किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या!” प्रत्येकाच्या किल्ल्या फ्रिजमध्ये. इतक्या किल्ल्या इतक्या फ्रिजमध्ये कशा जातात देव जाणे. तुम्हाला कोणी असं सांगत असेल तर प्लीज, त्याला तुमच्या किल्ल्या सांगू नका. 

नवीन एमआरआय काढला. “स्टेबल!” डॉक्टर खूश. नवीन डाग नाही. मी म्हटलं, सर, पण मी स्लो झालेय. ते म्हणाले, “स्ट्रेस होगा. योगा करो.”

आता ह्यातली गंमत बघा. आमच्या कामात हा प्रकार रोज व्हायचा. लिंक तुटलेली नसते, पण ट्रॅफिक कुठल्यातरी लांबच्या रस्त्यानं फिरत असतं. आमच्या स्क्रीनवर सगळं हिरवं. आणि पलीकडून युजर बोंबलत असतो की स्लो आहे, स्लो आहे. आम्ही काय करायचो? तिकीट, म्हणजे त्याची तक्रार, बंद. ‘काहीही दोष आढळला नाही.’ असली तिकिटं मी स्वतः ढिगानं बंद केलीयेत, चहा पीत पीत. आता मीच ते तिकीट होते.

त्या दिवशी कॉलवर

मोठा बिघाड झाला की सगळ्यांना एका कॉलवर घेतात. त्या दिवशी चौदा जण होते आणि लीड मी. एकजण सांगत होता उत्तरेकडच्या गोदामाचं, दुसरा दक्षिणेचं, क्लायंट मध्ये मध्ये किती वेळ, किती वेळ. माझा मॅनेजर विवेक म्हणाला, “नॉर्थ को हाथ मत लगाना, साऊथ रीस्टार्ट करो.” मी ऐकलं. नीट ऐकलं! आणि नॉर्थ रीस्टार्ट केलं.

चालू असलेलं गोदाम बंद पाडलं मी. चाळीस मिनिटं.

त्यानंतर साठ दिवसांचा तो कागद आला. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. आयटीतल्यांना माहितीये, त्यात इम्प्रूव्हमेंट कोणाचीच अपेक्षित नसते. विवेक वाईट माणूस नव्हता. मी त्याला आजाराचं सांगितलं, तो खरंच हळहळला आणि एचआरकडे घेऊन गेला. मी म्हटलं मला नोकरी टिकवायचीये, फक्त लाइव्ह कॉलवरून काढा. बिघाड झाल्यानंतरचे रिपोर्ट लिहायचं काम द्या. टाइप मी अजून कोणापेक्षाही फास्ट करते, माझे विचार माझ्या स्पीडनं मांडायला मला काही प्रॉब्लेम नाही. एचआरची मुलगी म्हणाली, होऊ शकतं, पण मेंदूवर परिणाम झालाय असं डॉक्टरांचं लेटर पाहिजे. तुझा एमआरआय तर स्टेबल म्हणतोय ना?

म्हणजे मला एक कागद हवा होता. एकच. साठ दिवसांत.

न्यूरॉलॉजिस्टनी शेवटी, जरा वैतागूनच, न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिकडची तारीख तीन आठवड्यांनंतरची. चिठ्ठीवर लिहिलं होतं, कॉग्निटिव्ह टेस्ट, म्हणजे डोकं कसं चालतंय त्याची तपासणी.

सिलॅबस काय?

इथे माझी आई येते. आई साताऱ्याची, रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका. तीस वर्षं मुलांना स्कॉलरशिपला बसवलं तिनं, सकाळी शाळेआधी जादा तास, रविवारी सराव परीक्षा. बाबांची नोकरी अजून चालू म्हणून ते तिकडेच, आणि आई डोळ्याच्या वेळेपासून माझ्याकडे. साताऱ्यात तिनं कोणालाही काही सांगितलेलं नाही. तिथे मी अजून ‘कामात बिझी’ आहे.

तिनं चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, “सिलॅबस काय?”

“आई, ती तसली टेस्ट नाहीये.”

“टेस्ट ती टेस्ट. प्रकार कळले की निम्मं काम झालं. शोध बघू नेटवर.”

आणि मी शोधलं. हे मला कबूल करायचंय. आईवर सगळं ढकलणं सोपं आहे, पण शोधलं मी. मला उत्साह आला होता हो! परीक्षा म्हटलं की माझ्या अंगात येतं, लहानपणापासून. कुठली चिन्हं-आकड्यांची टेस्ट असते, कुठली शब्दांची यादी, कुठे रेकॉर्डिंगमधली बाई आकडे बोलते आणि दर वेळी शेवटच्या दोनची बेरीज सांगायची, सगळ्याचे नमुने मिळाले. आईनं आडव्या-उभ्या रेघा मारून पानंच्या पानं तयार केली. वर किल्ली, गोलाला एक, त्रिकोणाला दोन असं, आणि खाली नुसती चिन्हं. नव्वद सेकंद. हातात शाळेतलं स्टॉपवॉच, ती ते बंगळूरला सोबत घेऊन आली होती! कशासाठी, विचारू नका.

पहिल्या दिवशी चाळीसच्याही आत. आईचा चेहरा पडला. मग तिनं मला युक्त्या शिकवल्या. चिन्हांना नावं दे, तालात म्हण. यादीतल्या शब्दांची गोष्ट कर, ढोल घेऊन शेतकरी नदीवर गेला, असली. सकाळी सातला पहिला पेपर, ऑफिसवरून आल्यावर दुसरा. तिसऱ्या आठवड्यात मी साठच्या वर गेले.

“बघ,” आई म्हणाली, “काही झालेलं नाही तुला. सराव नव्हता.”

आणि मला ते ऐकून इतकं छान वाटलं! त्या क्षणी मी पूर्ण विसरले होते की मला कमी मार्क हवेत. तुम्हाला खोटं वाटेल, पण खरंच विसरले. आमच्या घरात कमी मार्कांची तयारी कोणी कधी केलीच नाही, कशी करतात ते माहीतच नाही.

वसुधाताई

न्यूरोसायकॉलॉजिस्ट डॉ. वसुधा. पन्नाशीच्या, कॉटनची साडी. माझं आडनाव वाचून म्हणाल्या, “मराठी का तुम्ही? आम्हीपण. आमची मराठी ऐकून स्वल्प हसू येईल तुम्हाला.” चामराजपेटचं जुनं घर त्यांचं, तीन-चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी आलेले पूर्वज, घरात मराठी, बाकी सगळं कन्नड. आईला त्यांनी ‘अक्का’ म्हटलं आणि आई विरघळलीच. दोघी दहा मिनिटं पुरणाच्या पोळीला ओबट्टु का म्हणतात यावर बोलत होत्या.

मग आई बाहेर. वसुधाताईंनी विचारलं, “असली टेस्ट पूर्वी कधी केली आहेस का?”

मी म्हटलं, नाही.

हॉस्पिटलमध्ये केली नव्हती, म्हणून नाही. असा विचार केला मी. म्हणजे केला असं आता म्हणते. खरं तर तोंडातून निघून गेलं.

“सरी, ठीक आहे. सुरू करूया.”

मी सुसाट सुटले. चिन्हं दिसली की आईचा ताल डोक्यात. शब्दांच्या यादीची गोष्ट झाली. फक्त त्या बेरजांच्या वेळी मला घाम फुटला, दोनदा तीनदा गाडी सुटली, पण तेही निभावलं. संपल्यावर मी विचारलं, “कशी झाली?” वसुधाताई हसल्या. “असं कोणी विचारत नाही इथे.”

आठवड्यानं रिपोर्ट आला. वयाच्या आणि शिक्षणाच्या मानानं नॉर्मल.

आईनं शिरा केला. बदाम घालून.

नापास व्हायचं होतं तर

एचआरच्या मुलीनं रिपोर्ट वाचला आणि खरोखर टाळी वाजवली. “दॅट्स सच ग्रेट न्यूज!” विवेक म्हणाला, “देखा, मैंने बोला था, तू ठीक है. बस फोकस कर.” बाकी वीस दिवस होते प्लॅनचे. त्या वीस दिवसांत मी आणखी दोन चुका केल्या, लहान. लहान चुका आता मोजल्या जात होत्या.

घरी येऊन मी ताट ढकललं.

“नॉर्मल आलं म्हणून रडतेस?” आई म्हणाली. “लोक देवाला नवस बोलतात असला रिपोर्ट यावा म्हणून.”

“तो स्कॉलरशिपचा पेपर होता का गं आई? त्यांना माझं डोकं बघायचं होतं, तुझी शिकवणी नाही!”

“नापास व्हायचं होतं तर आधी सांगायचंस. मी कशाला जीव काढला असता.”

“तुला मी ठीक हवीये. मला मदत मिळाली नाही तरी चालेल, पण मी ठीक पाहिजे.”

“हो,” आई म्हणाली. “मग? कुठल्या आईला नको असतं?”

मी बोलले तरीही, भरपूर. म्हटलं तू तीस वर्षं पोरांना शिकवलंस की कशी नक्कल करायची हुशारीची. तिनं शिरा झाकून ठेवला, भांडी घासायला घेतली. कामवाली येऊन गेली होती, भांडी स्वच्छ होती. तीच परत घासत होती.

मग मी वसुधाताईंना मेसेज केला. सगळं लिहिलं, सराव, स्टॉपवॉच, ‘नाही’ म्हणाले तेसुद्धा. त्यांनी बोलावलं. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट.

“सराव झालेली टेस्ट वाया गेली गं,” त्या म्हणाल्या. “आता दुसऱ्या नमुन्याची करायला पाहिजे, आणि मध्ये सहा महिने तरी गेले पाहिजेत. तोपर्यंत मी काय लिहून देऊ? हे ग्राह्य धरू नका, एवढंच लिहिता येतं मला.”

“पण तुम्हाला वाटतं का मी खोटं बोलतेय?”

“अजिबात नाही. ऐक. एमआरआयवरच्या डागांवरून डोकं किती वेगानं चालतं ते कळत नाही. मेंदूचे भाग एकमेकांशी बोलतात, ते बोलणं बिघडतं यात. सुरुवातीला मेंदू जास्तीच्या वाटा वापरून काम भागवतो. म्हणून बाहेरून नॉर्मल, आणि आत माणूस दमून जातो. तू तीन आठवडे घोकून साठ केलेस ना? नंतर काय झालं?”

“दोन दिवस झोपून होते.”

“तेच लिहायचं राहिलं बघ रिपोर्टात.”

कोणीतरी पहिल्यांदा मला हे सांगत होतं आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता. माझ्याच ‘नाही’मुळे.

रेकॉर्ड स्वच्छ

शेवटच्या मीटिंगला मी वसुधाताईंचं लेटर नेलं. ‘सदर तपासणी पूर्वसरावामुळे ग्राह्य नाही, सहा महिन्यांनी पुन्हा करावी.’ एचआरच्या मुलीनं दोनदा वाचलं. मग हळू आवाजात विचारलं, “म्हणजे तू टेस्टमध्ये... चीटिंग केलंस?”

मला हसू आलं. सगळेच जण ठीक दिसण्यासाठी चीटिंग करतात, रोज, ऑफिसात तर जास्तच. मी सापडले एवढंच. पण हे सगळं त्या वेळी सुचलं नाही, मी आधीच सांगितलं ना, मला उशिरा सुचतं. त्या वेळी मी फक्त “नाही, तसं नाही” एवढंच म्हणत राहिले. विवेक टेबलाकडे बघत होता. त्यांनी सांगितलं, स्वतः राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील. मी दिला.

घरी आईला सांगितलं. तिला वाटत होतं मी घालवली, मला वाटत होतं तिनं घालवली. चार महिने आम्ही एका टू-बीएचकेमध्ये असं वाटून घेत राहिलो. जेवायला बस, औषध घेतलंस का, दार लाव. बास.

मधल्या काळात वसुधाताईंनी एका अभ्यासासाठी विचारलं. एमआरआयमध्ये काही न करता पडून राहायचं, त्या वेळी मेंदूचे कुठले भाग एकमेकांशी किती जोडलेले आहेत ते बघतात. मी उडालेच! ह्याचा सराव करता येत नाही! हे तरी खरं दाखवेल! धावत गेले. स्कॅननंतर विचारलं, रिपोर्ट कधी?

“तसा रिपोर्ट नसतो याचा,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ लोकांचं एकत्र बघून मग काहीतरी म्हणता येतं. एकट्या माणसाचं सर्टिफिकेट देता येत नाही यातून. आज तरी नाही.”

म्हणजे माझ्या डोक्यातल्या तुटक्या वाटांचा फोटो कुठल्यातरी कॉम्प्युटरवर आहे. मी त्यात नुसता एक आकडा आहे. पुढे कोणाला तरी उपयोग होईल म्हणतात. होवो. मला राग येतो, तरीही होवो.

ज्यांना टेस्ट द्यायचीये त्यांनी आता इथे नीट वाचा. सराव करू नका. ‘जरा बघून ठेवते’ असंही करू नका. आईला, नवऱ्याला, कोणालाही करून घेऊ देऊ नका. आधी काही बघितलं असेल तर तिथल्या तिथे सांगा. डॉक्टर ‘स्ट्रेस’ म्हणाले तर तुम्हीच विचारा की मला ही टेस्ट मिळेल का. आजार कळल्याबरोबर मागा, म्हणजे पुढे घसरलात तर कशाच्या मानानं घसरलात ते कळेल. मला हे कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा

सात महिन्यांनी परत गेले. नवीन चिन्हं, नवीन शब्द. ताल नाही, गोष्ट नाही. नव्वद सेकंद संपले तेव्हा मी तिसऱ्या ओळीतच होते. त्या बेरजांच्या वेळी तर मी मध्येच थांबले आणि ती बाई आपली आकडे बोलतच राहिली, बोलतच राहिली, आणि मी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा पेपर कोरा सोडला मी.

आठवड्यानं दोघींना आत बोलावलं. माहिती समजून घ्यायचा वेग अपेक्षेपेक्षा बराच खाली. लक्ष दोन ठिकाणी वाटणं, बरंच खाली. स्मरणशक्ती ठीक.

इतके दिवस हाच कागद हवा होता. मला वाटलं होतं मी ‘बघा!’ म्हणून ओरडेन. नाही ओरडले. कारण आता ते खरं होतं.

वसुधाताईंनी लॅपटॉप ओढला. “लेटर देते. आधी ऑफिससाठी पाहिजे होतं ना तुला? कोणाच्या नावे लिहू?”

“ऑफिस नाहीये आता.”

त्यांची बोटं तशीच थांबली. “दुसरीकडे कुठे लागेल म्हणून, नाव न घालता...”

“माझ्या नावे लिहा,” आई म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडे बघितलं. ती पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती.

“अक्का, तुम्हाला कशाला लेटर? मी आत्ता सांगितलं की सगळं.”

“सांगितलंत. मला लिहून हवंय. आणि मराठीत लिहा. इंग्रजी वाचते मी, पण मराठीत असलं की पळवाट राहत नाही.”

वसुधाताई ओशाळल्या. “मला मराठी बोलायला येतं, अक्का. लिहायला येत नाही. आमची शाळा सगळी कन्नडमध्ये.” मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “तू टाइप कर. मी सांगते, तू लिही. खाली सही माझी.”

तर माझ्याच डोक्याचा निकाल मी टाइप करायला बसले, माझ्याच आईच्या नावे. वर लिहिलं, प्रति, आणि तिचं पूर्ण नाव.

“आपल्या मुलीची तपासणी केली असता,” वसुधाताई सांगायला लागल्या, “असं दिसतं की ऐकलेलं आणि बघितलेलं समजायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि हे तिच्या आजारामुळे आहे, आळसामुळे किंवा...”

मी ‘दिसतं की’पर्यंत आले होते. पुढचं गेलं. माझं स्वतःचं लिहायचं असतं तर पान भरलं असतं एव्हाना. ऐकलेलं धरून ठेवायचं आणि त्याच वेळी लिहायचं, हे दोन्ही एकत्र होत नाही.

“काय म्हणालात?”

त्यांनी परत सांगितलं. मी अर्धं लिहिलं. “सॉरी, परत?”

तिसऱ्यांदा सांगितलं. खोलीत एसीचा आवाज. मी बॅकस्पेस मारला, परत लिहिलं, ‘वेळ’ आणि ‘लागतो’च्या मध्ये कुठेतरी माझं बोट हवेत थांबलं. पुढचा शब्द येत होता, लांबून, मला कळत होतं की येतोय. मी मान वर केली नाही. आई माझ्या हातांकडे बघतेय हे मला न बघता कळत होतं. आमच्या घरात कोणी इतका वेळ एका वाक्यावर घालवलेला तिनं बघितला नव्हता. 

वसुधाताईंना वाटलं झालं माझं. त्यांनी घसा साफ केला. “सरी. पुढे लिही...”

“थांबा हो मॅडम,” आई म्हणाली. “तिचं व्हायचंय अजून.”